आजची गोळी नेहमीचीच

पिशवी टेबलावर उलटी होते आणि गोळ्यांच्या स्ट्रिप काचेवर पसरतात. काही पूर्ण, काही अर्ध्या कापलेल्या, काहींचा नुसता कोपरा उरलेला. त्या कोपऱ्यावर ना औषधाचं नाव, ना तारीख, आत एकच गोळी. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडीही निघते. शेवटी निघते बुक्क्याची पितळी डबी. ती मात्र मावशी टेबलावर ठेवत नाहीत, मुठीत धरून बसतात.

"तेवढी ऱ्हाऊ दे. त्यात बुक्का हाय, पंढरीचा."

मुलगा हात पुढे करतो, तशी मूठ आणखी घट्ट होते. डॉक्टर त्याला नजरेनंच थांबवतात. थोडा वेळ कुणी काहीच बोलत नाही. मग मावशीच डबीचं झाकण उघडतात. वर काळाभोर बुक्का आहे. बोट घालून त्या तळातून प्लॅस्टिकची घडी वर काढतात. घडीत नऊ-दहा गोळ्या. पांढऱ्या, कडेला बुक्का लागून काळपट झालेल्या.

"देवापुढं लपवल्या हुत्या," त्या म्हणतात आणि पदर तोंडावर घेतात.

मी मिरजेतल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात, खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले आहे. इथं बसायची परवानगी डॉक्टरांनी प्रत्येक पेशंटला विचारून दिली आहे. कुणाचं नाव-गाव लिहायचं नाही, एवढीच अट. बाहेर बाकांवर तासगाव, जत, कवठेमहांकाळची माणसं आहेत, तशी अथणी-चिकोडीकडचीही. मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीत संपतं. एप्रिलच्या उन्हानं पत्र्याचं छप्पर तापलं आहे. या टापूत कुणाचंही दुखणं लांबलं की "मिरजेला दाखवलं का?" असं विचारतात. मावशींनाही आज तसंच दाखवायला आणलं आहे.

"मॅडम, आता तुमीच बघा," मुलगा म्हणतो. तिशीतला, बागायतदार, हातावर फवारणीचे डाग. "अकरा वर्सं झाली. आजपास्नं हे सगळं बंद करून टाका. लागल्यास पुण्याला मुक्तांगणला नेतो."

डॉक्टर स्ट्रिप एकेक करून नावानुसार लावत आहेत. मान वर न करता त्या म्हणतात, "मुक्तांगण चांगलं ठिकाण आहे. पण मावशींचं घरी राहूनच होईल. आणि आज काहीच बंद करायचं नाही."

मुलगा बायकोकडे बघतो. गोळ्या बंद करायला म्हणून तो चाळीस-एक किलोमीटर गाडी चालवत आला आहे.

गोळी अल्प्राझोलम आहे, ०.५ मिलिग्रॅमची. गावाकडे तिला कुणी या नावानं ओळखत नाही. "झोपेची" म्हणतात, "टेन्शनची" म्हणतात, नाहीतर पाकिटाचा रंग सांगतात. डॉक्टर विचारतात, "दिवसाला किती?" मावशी म्हणतात, एक. सून हळूच म्हणते, दोन तरी. डॉक्टर दोघींनाही खोडून काढत नाहीत. "महिन्याला पाकिटं किती आणता?" सहा. पाकिटात पंधरा. म्हणजे नव्वद, म्हणजे दिवसाला तीन. शिवाय डबीतल्या, पुडीतल्या वेगळ्या. डॉक्टर कागदावर लिहितात, १.५ मिलिग्रॅम, आणि पुढं अधिकचं चिन्ह काढतात.

"मावशी, मला खरा आकडा हवाय. रागवायला नाही. आकडा कमी सांगितलात तर मी औषध कमी देईन आणि त्रास तुम्हालाच होईल."

मावशी बराच वेळ टेबलाच्या काचेकडे बघत राहतात. मग म्हणतात, "तीन. अमुशेला-पुनवेला चार. झोप लागत न्हाई त्या दिशी."

सुरुवात कशी झाली, ते त्या सांगतात. नवरा द्राक्षबागेतच गेला, हार्ट अटॅकनं. तेव्हा मावशी सत्तेचाळीसच्या. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, आणि मग छातीत धडधडायला लागलं. गावातल्या डॉक्टरनं पंधरा दिवसांसाठी म्हणून ०.२५ ची एक गोळी रात्री घ्यायला दिली. पहिल्या रात्री त्या आठ तास झोपल्या. "असं वाटलं, कुणीतरी डोक्यावर हात ठेवला." पंधरा दिवसांनी चिठ्ठी संपली, गोळी संपली नाही. दुकानदार ओळखीचा. जुनी चिठ्ठी दाखवली की पाकीट मिळायचं, पुढं पुढं चिठ्ठीही लागेना. वर्षभरात ०.२५ पुरेना, म्हणून ०.५ आली. मग दुपारीही, मग सकाळीही.

"मालक गेले तवा मी रडलेच न्हाई बगा," मावशी मध्येच म्हणतात. "गोळी घेटली की रडू यायचं न्हाई. लोक म्हणायचे, लई धीराची बाई."

डॉक्टर लिहायचं थांबतात. मला वाटतं, इथला रोग हाच आहे. अकरा वर्षं न रडलेलं दुःख आणि ते रडू न देणारं औषध. ते देणाऱ्या डॉक्टरच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही. तीव्र भीतीच्या झटक्यात, काही आठवड्यांपुरती ही औषधं खरोखर उपयोगी पडतात, फिट थांबवायलाही हीच लागतात. पण पंधरा दिवसांनी त्या बाईला परत बोलावून "आता कसं वाटतं?" एवढं कुणीच विचारलं नाही.

मग गेल्या भाद्रपदाची गोष्ट निघते. ती मुलगाच सांगतो, पण त्याचा आवाज आता उतरलेला आहे. आईची न्हाणीघरात घसरून पडायची ही दुसरी वेळ होती, पहिल्यांदा मनगट मोडलं होतं. कुणीतरी सांगितलं की हे गोळ्यांमुळं होतं. त्यानं घरातली सगळी पाकिटं गोळा केली आणि चुलीत टाकली. पहिल्या रात्री आईला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी अंगाला दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यापुढं ती धाडकन पडली, हातपाय ताठ, तोंडाला फेस. गावात म्हणाले, बाहेरचं आहे. देवऋषी झाला, अंगारा झाला. संध्याकाळी एका दवाखान्यात नेलं. डोक्याचं स्कॅन केलं, ते चांगलं निघालं. गोळ्यांचं कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर शेजारणीनं तिच्याकडची एक गोळी दिली आणि आई तासाभरात उठून बसली.

"तवापास्नं तिनं लपवायला सुरुवात केली," सून म्हणते. "आत्यांना वाटतंय, गोळी न्हाई तर मी मरणार."

"त्यांचं काही चुकलं नाही," डॉक्टर मुलाकडे वळून म्हणतात. "त्यांच्या शरीरानं तेच अनुभवलंय. ती फिट बाहेरची नव्हती, एकदम बंद केल्याची होती. दारू एकदम सुटल्यावर जशी फिट येते, तशी याच्यातही येते. माणूस दगावूही शकतो."

मुलगा खाली मान घालून बसतो. मावशी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात अशी स्ट्रिप असेल तर त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे: चुलीत टाकू नका, कमोडमध्ये टाकू नका, "आजपासून बंद" अशी शपथ घालू नका. संकल्प सोडून या गोळ्या सोडता येत नाहीत.

डॉक्टर कागद पुढं ओढतात. मेंदूला शांत करणारं एक रसायन मेंदूतच तयार होतं, त्याला गाबा म्हणतात. या गटातली औषधं, म्हणजे अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, त्या गाबाचा जोर वाढवतात. म्हणून पहिल्या दिवसापासून गुण येतो. पण महिनोन् महिने बाहेरून जोर मिळाला की मेंदू आपली दाद कमी करत जातो. गोळी तेवढीच राहते आणि गुण घटतो. गोळी काढली की शांत करणारं बळ तोकडं पडतं आणि चेतवणारं मोकाट सुटतं.

हे मुलाच्या गळी उतरत नाही, हे बघून डॉक्टर विचारतात, "तुमची बाग किती वर्षांची?"

"आठ."

"भर मालात आलेल्या बागेचा मांडव एका रात्रीत काढला तर?"

"आडवी हुईल की सगळी." तो थांबतो. "वेलीला उभं ऱ्हायची सवयच न्हाई."

"मग तारा एकेक करून सैल करायच्या, आणि मधल्या काळात खोड जाड व्हायला वेळ द्यायचा."

तो पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टर मावशींना विचारतात. पहाटे चारला धडधडून जाग येते का? मावशी चकित होतात, हे कुणी सांगितलं? कुणी सांगायची गरज नसते. अल्प्राझोलम शरीरातून लवकर उतरतं, साधारण अकरा-बारा तासांत अर्धं होतं. रात्री नऊला घेतलेली गोळी पहाटे उतरू लागते आणि मेंदू पुढचीची वाट बघू लागतो. अकरा वर्षं मावशी ज्याला आपला आजार समजत आल्या, त्यातला बराचसा भाग दोन गोळ्यांमधली पोकळी आहे.

यकृताची, सोडियमची, साखरेची तपासणी लिहून डॉक्टर त्यांना खाली रक्त द्यायला पाठवतात. "जेवून या. मग ठरवू."

पुढचे पेशंट शिक्षक आहेत, चाळिशीचे. काळा गॉगल लावूनच आत येतात आणि खिडकीकडे पाठ करून बसतात. बदलीच्या धसक्यानं झोप उडाली तेव्हा क्लोनाझेपाम सुरू झालं आणि रात्रीच्या दोन मिलिग्रॅमपर्यंत गेलं. डॉक्टरांनी ते टप्प्याटप्प्यानं ०.५ वर आणलं आहे. ते इथं रडत नाहीत, तक्रारही फारशी करत नाहीत. एक वही पुढं ठेवतात. रोज किती वाजता आडवे झाले, किती वाजता झोप लागली असावी, किती वेळा जाग आली, सगळं शिक्षकाच्या वळणदार अक्षरात.

"आवाज सहन होत नाही, मॅडम. शाळेची घंटा सोडाच, घरात फोडणी चरचरली तरी कानात खिळा गेल्यासारखं होतं. मिसेस म्हणतात, नाटकं करता."

"नाटक नाही. हे होतं. उजेडाचंही तसंच होतं." पुढच्या वेळी मिसेसना घेऊन यायला डॉक्टर सांगतात. "मी सांगते त्यांना."

शिक्षक खिशातून एक छोटी निळी डबी काढतात. तिच्या झाकणाला आतून पातं आहे, गोळ्या कापायचं. टेबलावर पांढरा कागद पसरून ते दाखवतात. ०.२५ ची गोळी कोपऱ्यात बसवायची, मधली रेघ पात्याखाली आणायची, झाकण एका दमात दाबायचं. दबकत दाबलं तर चुरा होतो. दोन भाग होतात. मग अर्ध्याचा अर्धा. त्याला रेघ नाही, अंदाजच. एक पाव नीट निघतो, दुसरा तुटतो. तुटलेला भाग आणि कागदावरची भुकटी ते बोटाच्या टोकानं गोळा करतात आणि काळजीपूर्वक वेगळ्या पुडीत बांधतात. या भुकटीतही किती तास झोप आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

डॉक्टर त्यांना या पंधरवड्यात आणखी कमी करू देत नाहीत. आहे त्याच पायरीवर थांबा. मागं मात्र फिरू नका. झोपेसाठी वेगळी शिस्त आधीच ठरलेली आहे: रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच, साडेपाच. दुपारी आडवं व्हायचं नाही. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. झोपेची भीतीच झोप घालवते, म्हणून ती भीती मोडायचे हे उपाय आहेत. औषध कमी करण्याइतकीच किंमत त्यांनाही आहे.

"हे जाणार ना, मॅडम?"

"बहुतेकांचं काही आठवड्यांत, काही महिन्यांत ओसरतं. थोड्यांचं लांबतं. तुमचं आत्तापर्यंत ओसरत आलंय, वहीत बघा." त्या फेब्रुवारीची पानं उघडतात. तेव्हा रात्री तीन तास झोप होती. आता साडेचार-पाच आहे. शिक्षक ती पानं स्वतःच पुन्हा पुन्हा उलटून बघतात.

दुपारी दीडला थोडी उसंत मिळते. डॉक्टरांच्या टेबलावर एक जाडजूड झेरॉक्स प्रत आहे, कडा मळलेल्या. हेदर अॅश्टन या ब्रिटिश प्राध्यापिकेनं लिहिलेली पुस्तिका. १९८२ ते १९९४ या काळात त्यांनी न्यूकॅसलमध्ये फक्त या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला, आणि पेशंट जे सांगत होते ते खरं मानून लिहून ठेवलं. कोणती गोळी किती डायझेपामच्या बरोबरीची, किती हळू उतरायचं, वाटेत काय काय होतं. २०१९ मध्ये त्या गेल्या. जगभरात आजही लोक त्यांचे तक्ते समोर ठेवून गोळ्या कापत बसलेले असतात.

ही औषधं आली तेव्हा त्यांचं मोठं स्वागत झालं होतं, तेही समजण्यासारखं आहे. त्याआधीची झोपेची औषधं थोडी जास्त झाली की जीव घ्यायची. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेत, हॉफमन-ला रोश कंपनीत शोधलेलं लिब्रियम १९६० मध्ये बाजारात आलं आणि व्हॅलियम १९६३ मध्ये. त्यामानानं ती कितीतरी सुरक्षित होती. सवय लागते हे काही वर्षांतच दिसू लागलं, तरी सावधगिरीचा आवाज क्षीणच राहिला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या संपूर्ण गटावर अवलंबित्वाचा ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, तो सप्टेंबर २०२० मध्ये. म्हणजे साठ वर्षांनी. एवढा उशीर मला अक्षम्य वाटतो.

चहासाठी खाली उतरते तर औषधाच्या दुकानात गर्दी आहे. काउंटरवर एक लांबट रजिस्टर उघडं आहे. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं एच-वन या परिशिष्टात येतात. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या नियमानुसार डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि त्याची संख्या या रजिस्टरात लिहायची आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पाकिटावर लाल चौकट असते, चिठ्ठीशिवाय देऊ नये असं तिच्यात छापलेलं असतं. इथला दुकानदार चिठ्ठीवर शिक्का मारतो, आकडा लिहितो, मगच गोळ्या देतो. एक गृहस्थ काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणतात, "ती झोपेची दहा द्या." दुकानदार मान हलवतो. "चिठ्ठी आणा, काका." काका दोन क्षण थांबतात आणि समोरच्या रस्त्याला लागतात. पुढच्या कुठल्यातरी काउंटरवर त्यांना चिठ्ठी विचारली जाणार नाही, हे मावशींची पिशवी बघितल्यावर मला वेगळं सांगावं लागत नाही.

या गोळ्यांचं दुसरं तोंडही आहे. मालेगावात अल्प्राझोलमला पोरं "कुत्ता गोळी" म्हणतात आणि नशेसाठी मूठभर एकदम घेतात. डॉक्टरांकडे तशी मुलंही येतात. त्यांच्यात गोळीबरोबर दारू असते, खोकल्याचं औषध असतं, घेतलेल्याचा हिशोब त्यांना स्वतःलाच माहीत नसतो. त्यांना दाखल करूनच सुरुवात करावी लागते, कारण हे सगळं मिळून श्वास मंदावतो. देशात वैद्यकीय सल्ल्याशिवाय शामक औषधं घेणारे सुमारे १ कोटी १८ लाख असल्याचं केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालात आहे. ज्यांचं चिठ्ठीवर सुरू झालं आणि चिठ्ठीवरच चालू राहिलं, ती माणसं या आकड्याच्या बाहेर. पोलिसांनी पकडलेल्या पोराची बातमी होते. मावशींची होत नाही, शिक्षकांचीही होत नाही.

अडीचला मावशी परत येतात. रक्त दिलेल्या जागी कापूस, हातात पेरूची पिशवी. डॉक्टरांसाठी आणलेत. रिपोर्ट संध्याकाळी येईल, पण आराखडा आत्ताच समजून घ्यायचा आहे.

डॉक्टर मोठ्या अक्षरात लिहितात. अल्प्राझोलम ०.५ म्हणजे साधारण डायझेपाम १०. म्हणजे दिवसाचे तीस. हा हिशोब ढोबळ, माणसागणिक बदलणारा. डायझेपाम हळूहळू उतरतं, दिवसचे दिवस शरीरात टिकतं, म्हणून पहाटेची ती पोकळी पडत नाही आणि दोन मिलिग्रॅमच्या गोळ्यांमुळं बारीक पायऱ्या करता येतात. मावशींचं वय सत्तरीपुढं असतं किंवा यकृत बिघडलेलं असतं तर हे केलं नसतं, औषध अंगात साठत गेलं असतं. आताही रिपोर्ट चांगला आला तरच. आधी रात्रीच्या गोळीतली अर्धी बदलायची. आठवड्यानं उरलेली अर्धी. मग दुपारची, मग सकाळची. पूर्ण बदल झाला की दर पंधरा दिवसांनी दोन मिलिग्रॅम कमी. दहावर आलं की एकेकच.

मुलगा बोटांवर मोजतो. "म्हंजे वरीस जाणार की."

"जाईल. पुढच्या बेदाण्यापर्यंत. घाई केलीत तर अजून लांबेल."

"आणि छाटणीला? ऑक्टोबरात घरात कुणालाच उसंत नसती."

"त्या महिन्यात कमी करायचं नाही. त्याच पायरीवर राहायचं. लग्नकार्य, आजारपण, वारी, सगळ्याला हाच नियम."

मावशी वारीचं नाव ऐकून मान वर करतात. आषाढीला जाता येईल का? डॉक्टर म्हणतात, जा, पण गोळ्यांची डबी सुनेकडं आणि रांगेत एकटीनं उभं राहायचं नाही. पहिले काही आठवडे पेंग येईल, न्हाणीघरात कडी लावायची नाही, खाली रबराची चटई घालायची. जुन्या भीतीसाठी वेगळं औषध आहे, सवय न लागणारं. ते गुण यायला तीन-चार आठवडे घेतं, पण तेही पुढं मनानं थांबवायचं नाही. आणि दर पंधरवड्याला इथं येऊन बोलायचं. मालकांविषयी. मावशी काही म्हणत नाहीत.

"गोळ्या कुणाकडं ठेवायच्या?" डॉक्टर विचारतात.

मुलगा म्हणतो, माझ्याकडं, कपाटात कुलपात. डॉक्टर नकार देतात. आठवड्याची खणांची डबी आणायची, आठवड्याच्याच गोळ्या भरायच्या, डबी सून भरेल आणि ती मावशींना दिसेल अशा जागी राहील. कुलपात ठेवलं की शोधाशोध सुरू होते आणि माणसाचा सगळा दिवस त्यातच जातो. बाकीच्या गोळ्या, टेबलावर पसरलेल्या या सगळ्या, डॉक्टर मोजून एका पाकिटात घालतात, त्यावर आकडा लिहितात आणि सुनेची सही घेतात. बुक्क्याच्या डबीतल्याही.

सून विचारते, "आणि मधीच लई तरास झाला तर?"

डॉक्टर आपला नंबर देतात, भिंतीवरच्या पोस्टरवरचा टेलिमानसचा १४४१६ हा नंबरही फोनमध्ये घालायला लावतात. हात थोडे कापतील, झोप तुटेल, उगाच रडू येईल, ते चालेल. भास झाले, ताप चढला, झटका आला तर वाट बघायची नाही, थेट गाडी काढायची आणि दवाखान्यात पहिलं वाक्य सांगायचं ते गोळ्यांचं.

"रडू यील?" मावशी विचारतात.

"येईल. येऊ द्या."

मावशी पदराच्या टोकाला गाठ मारत बसतात. मग जी गोष्ट त्यांना सकाळपासून विचारायची आहे ती विचारतात, "आन आजची रातची?"

"आजची गोळी नेहमीचीच. उद्याचीही. सुरुवात कधी करायची ते तुम्ही सांगा."

हे त्यांना अनपेक्षित आहे. अकरा वर्षांत गोळी कुणी दिली, कुणी वाढवली, कुणी जाळली. त्यांना कुणी तारीख विचारली नव्हती. त्या सुनेकडं बघतात. दोघी हळू आवाजात काहीतरी मोजतात.

"सोमवारपास्नं," मुलगा मध्येच म्हणतो.

"सोमवारी न्हाई," मावशी त्याला थांबवतात. "ऐतवारी नातवाचं जावळ हाय. पावणे सोमवारी सांजच्यानं जातील. मंगळवारपास्नं."

डॉक्टर कागदावर मंगळवारची तारीख घालतात.